गिअरची सीट

गाडी जागच्या जागी आपटून उभी राहिली तेव्हा समोर काहीच नव्हतं. ना म्हैस, ना ट्रॅक्टर, ना कुणी सायकलवाला. हिंगोलीच्या बाहेरचा नांदेड रस्ता दुपारी दोन वाजता जेवढा रिकामा असतो तेवढा रिकामा होता. मागं बसलेला माझा नवरा ओमप्रकाश पुढच्या सीटच्या पाठीवर नाक आपटून "अगं" एवढंच म्हणाला, आणि माझ्या शेजारी बसलेल्या शोरूमच्या प्रियंकानं दोन्ही हात समोर टेकवले. मी खाली पाहिलं. माझा डावा पाय ब्रेकवर होता, पार तळापर्यंत. वेग वाढला, इंजिनाचा आवाज चढला, आता गिअर बदलायचा म्हणून पाय आपल्या सवयीनं क्लच दाबायला गेला होता. या गाडीत क्लच नव्हता. ही ऑटोमॅटिक. तिथं एक भलामोठा रुंद ब्रेक होता आणि माझ्या पायानं त्यालाच क्लच समजून जीव खाऊन दाबलं होतं.

"होतं मॅडम असं," प्रियंका म्हणाली. ती आमच्या मेडिकलमधून सासूच्या शुगरच्या गोळ्या नेते, म्हणून माझ्याशी जरा घरच्यासारखी बोलते. "पहिल्या खेपेला सगळ्यायचंच होतं. डावा पाय मागं घेऊन ठिवायचा. त्याला आता कामच न्हाई."

मी पाय मागं घेतला. सीटखाली, जाईल तितका मागं. गाडी पुन्हा निघाली, आणि वेग वाढताना माझ्या उजव्या मांडीला, जिथं नुसतं दार होतं, तिथं कुणीतरी किंचित दाबल्यासारखं झालं. हे मला नवीन नाही. चौदा वर्षं होत आली. आधी उजव्या मांडीला कळतं, मग डावा पाय दाबतो, मग हात गिअर बदलतो, असा माझ्या गाडी चालवण्याचा क्रम आहे. कुणाला सांगितला तर हसतील म्हणून सांगितलेला नाही. आज मांडीला कळलं, पण पाय सीटखाली कोंबलेला होता, आणि गाडीनं आपला आपण गिअर बदलून टाकला. आवाजसुद्धा झाला नाही. मला एकदम रडू आलं, रडू आलं म्हणून राग आला, आणि रागाच्या भरात मी प्रियंकाला विचारलं, "याच्या एसीला कसला वास येतो?"

गाडी मलाच हवी होती. ओमप्रकाश जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी, त्याला चार चाकं आणि एक छप्पर असलं की गाडी झाली. मला ही हवी होती: लाल, बुटकी, बसताना वाकावं लागणारी, सरळ रस्त्यावर पाय दिला की पाठ सीटला चिकटवणारी. दहा वर्षं मेडिकलच्या काउंटरमागं उभी राहून लोकांच्या खोकल्याच्या कथा ऐकल्या, आता एक वस्तू नुसती हौसेची घ्यायची असं मी ठरवलं होतं. "पोरायची गाडी हाय ती," ओमप्रकाश म्हणाला होता, आणि मग माझं तोंड पाहून स्वतःच रंग निवडायला लागला होता. प्रश्न एवढाच उरला होता की ऑटोमॅटिक घ्यायची की हातानं गिअर टाकायची. लाल रंगात दोन्ही शोरूमच्या दारात उभ्या होत्या, आणि आज संध्याकाळी आम्हाला एकीवर बोट ठेवायचं होतं. प्रियंका म्हणे, आजकाल सगळे ऑटोमॅटिकच नेऊन राहिले. ओमप्रकाशही ऑटोमॅटिकच म्हणत होता. त्याची बाकीची कारणं मी उडवून लावली, पण एक कारण मला उडवता येईना. तो म्हणाला होता, "त्यात दांडी नसते मधी, नुसतं गोल बटण असतं. मामी पुढं बसतील."

मामी म्हणजे माझी आई. आम्ही तिला याडी म्हणतो, आमच्या बोलीत आईला तेच म्हणतात. भिकाबाई लालसिंग राठोड, राहणार तांडा, गोरेगावच्या पुढं. गेली चौदा वर्षं ती कुठल्याही गाडीत पुढं बसलेली नाही. एसटीनं येते, तीही सगळ्यात मागच्या बाकावर, उजवा हात पदराखाली घेऊन. आमच्या जुन्या गाडीतून एकदा तिला डॉक्टरकडं नेलं तेव्हा मागं बसूनही ती डोळे मिटून होती, आणि मी गिअर बदलला की तिच्या तोंडून बारीकसा आवाज निघायचा. हिंगोलीपर्यंत मी तो आवाज ऐकला. परतीला ती म्हणाली, मी एसटीनं जाईन बाई, तुला तकलीफ नको. तकलीफ कुणाला होती ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

शोरूमच्या दारात आल्यावर मी उतरले आणि दुसऱ्या गाडीकडं गेले. "आता ही," म्हटलं. ओमप्रकाश नाक चोळत मागं बसला, प्रियंका शेजारी. मी क्लच दाबला. मऊ होता, लोण्यासारखा, पण होता. पाय आपल्या जागी गेला आणि उजव्या मांडीवर तो दाब आला, आणि या वेळी त्याला पुढं जायला वाट होती. रस्त्याला लागल्यावर नांदेडकडं वळायचं सोडून मी गाडी सेनगावकडं घेतली. प्रियंका म्हणाली, मॅडम, एवढं लांब आमचे सर नेऊ देत न्हाईत. मी म्हटलं, घरातल्या मोठ्या माणसाला दाखवायला नेतात ना लोक गाडी? ती म्हणाली, नेतात, पण गावातल्या गावात. मी म्हटलं, माझं मोठं माणूस जरा लांब राहतं. आरशात ओमप्रकाशनं माझ्याकडं पाहिलं आणि तो खिडकीबाहेरचा हरभरा बघायला लागला. लग्नाच्या नऊ वर्षांत हे एक तो नीट शिकला आहे.

हाच रस्ता. माझ्या बाची, म्हणजे वडिलांची, जीप याच रस्त्यानं दिवसातून तीन खेपा करायची. काळी-पिवळी, गोरेगाव ते सेनगाव ते हिंगोली. ज्यांनी तशा जिपा पाहिल्यात त्यांना सांगायला नको की त्यात ड्रायव्हर पूर्ण सीटवर कधीच बसत नसे. त्याच्या उजवीकडं दाराला लटकून एक, डावीकडं तीन. त्या तिघांतला जो ड्रायव्हरला चिकटून बसे त्याच्या दोन पायांच्या मधोमध गिअरची दांडी येई. ती गिअरची सीट. गाडी गच्च भरली की ड्रायव्हरचा हात दांडीपर्यंत पोचतच नसे, मग तो क्लच दाबून म्हणे, "टाक दुसरा," आणि गिअरच्या सीटवरचा माणूस, मग तो कुणी का असेना, सरपंच असो की शाळेचा गुरुजी, मुकाट्यानं दुसरा टाकी. दोघं मिळून एक गाडी चालवत. कुणाला त्यात विशेष वाटत नसे. म्हणूनच तर आमचं निभावलं. मी अकरावीला असताना सोयाबीनच्या दिवसांत बाचा डावा हात हडंब्यात गेला, म्हणजे मळणीच्या यंत्रात. तीन बोटं गेली आणि मनगट लाकडासारखं ताठ झालं. टॉवेल गुंडाळून तो हात स्टिअरिंगवर ठेवता यायचा, गिअरची दांडी धरता यायची नाही. एका हाताच्या ड्रायव्हरच्या गाडीत कोण बसेल? आणि लायसनवाल्यांना कळलं तर? मला तसंही रोज हिंगोलीला कॉलेजात जायचं होतं. बानं एवढंच म्हटलं, "दिपा, तू गेरच्या सीटवर बसत जा." चार वर्षं मी गिअरच्या सीटवर बसले, आणि गाडीतल्या एकाही माणसाला कळलं नाही की लालसिंगला एकच हात आहे.

बा मला कधी "टाक" म्हणाला नाही. म्हणायची गरजच नव्हती. त्याचा डावा पाय माझ्या उजव्या पायाला लागून असायचा, मांडीला मांडी, गुडघ्याला गुडघा. तो क्लच दाबायला लागला की त्याच्या मांडीतली शीर ताठ व्हायची, आणि ती मला कळायची. पाय खाली जाईपर्यंत माझा हात दांडीवर. तो दाबी, मी टाकी, तो सोडी. पुढं पुढं तर मला वाटायचं की मीच मनात ठरवते आणि मग त्याचा पाय हलतो. जीप रिकामी असली तरी मी तिथंच बसायची, आणि सेनगावच्या स्टँडवरचे लोक म्हणायचे, लालसिंगची पोरगी बापाला चिकटून असती. आम्ही दोघं हसायचो. आमचं ते गुपित होतं. माझ्या आयुष्यात मी कुणाच्या इतकी जवळ गेले नाही, आणि हे सांगताना मागं नवरा बसलाय याची मला पूर्ण जाणीव आहे.

पण मी वीस वर्षांची झाले. फार्मसीचं दुसरं वर्ष. कॉलेजच्या फाटकासमोर जीप थांबायची आणि मी दांडीवरून पाय टाकून, ओढणी सोडवत उतरायची. पुजा नावाची एक वसमतची मुलगी होती वर्गात, कुरुंद्याच्या हळदवाल्यांची. ती एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, "दिपा, तू बापाची क्लीनर हायस का गं?" मुली हसल्या. फार नाही, थोडंसंच हसल्या. मला आजही पुजाचा राग येत नाही. तिनं जे पाहिलं ते बोलली. राग माझाच येतो, कारण त्या आठवड्यातच मी बाला सांगितलं की परीक्षा जवळ आली, मी हिंगोलीत खोली घेऊन राहते. बा म्हणाला, "बराबर हाय. शिकणं आधी." आणि गिअरच्या सीटवर कोण, असं मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. याडीच पुढं झाली. ती म्हणाली, मला शिकव.

एका रविवारी दुपारी तांड्याच्या देवळासमोर जीप उभी करून मी याडीला गिअर शिकवले. पहिला कुठं, दुसरा कुठं, मधे मोकळं घर, तिसरा टाकताना जरा आपल्याकडं ओढून. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं तासाभरात चारी घरं पाठ केली. ती डोळे मिटून टाकून दाखवायची आणि लहान मुलीसारखी माझ्याकडं बघायची. सगळं शिकवलं मी. एक सोडून. कधी टाकायचा ते कशावरून कळतं, हे मी सांगितलं नाही. ओठापर्यंत आलं होतं. पण ते सांगायचं म्हणजे आईला असं म्हणायचं की, बाच्या मांडीला मांडी लावून बस, सोडू नकोस. आमच्याकडं बायका मोठ्या माणसांसमोर नवऱ्याचं नाव घेत नाहीत, त्याच्या शेजारी बसत नाहीत, आणि मी तिला हे सांगू? माझी जीभ रेटली नाही. मला वाटलं, बसेल तेव्हा कळेल तिला आपोआप. मी बॅग भरली आणि हिंगोलीला गेले.

अकरा दिवस जीप नीट चालली. बाराव्या दिवशी सेनगावचा बाजार होता आणि गाडी गच्च भरली होती. बाचे थोरले भाऊ भावसिंग काका आयत्या वेळी पुढं चढले. ते याडीचे जेठ. त्यांच्यासमोर याडी डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढायची, आवाजसुद्धा काढायची नाही. सेनगावच्या अलीकडं नाल्यातून वर यायला एक चढ होता. त्या चढावर गिअर पडला नाही. जीप मागं गेली, भरलेली गाडी ब्रेकनं धरली नाही, आणि ती उजव्या अंगानं नाल्यात पडली. सहा जणांना लागलं, भावसिंग काकांचा खांदा निखळला, आणि बा गेला. कागदावर लिहिलं गेलं की चालकाचा ताबा सुटला. लोक म्हणाले, लालसिंगला डुलकी लागली असंल. याडी एवढंच म्हणाली, आणि फक्त मला म्हणाली, "माझ्या हातानं गेला."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तुझ्या हातानं नाही याडी, माझ्या जिभेनं. जेठासमोर तू नवऱ्यापासून सरकून बसणार हे मला कळायला हवं होतं. एक वाक्य बोलले असते तर तू सरकली नसतीस. पण तेराव्याला सांगवलं नाही, वर्षश्राद्धाला सांगवलं नाही, आणि मग ते सांगणं इतकं जुनं झालं की ते माझंच एक अंग झालं. सांगितलं तर याडी माझ्याकडं कशी पाहील, ही भीती होतीच. पण खरं सांगायचं तर आणखीही एक होतं. ते न सांगितलेलं वाक्य माझ्याजवळ होतं तोवर बा माझ्याजवळ होता. मांडीवर तो दाब यायचा. दुकानातून घरी जाताना, रहदारीत, रोज. आता मला कळत होतं की ऑटोमॅटिक घेतली तर सगळंच सोपं होईल. याडी पुढं बसेल, दांडीकडं बघून दचकायची नाही, आणि मला तिला काही सांगायची कधी गरजच पडणार नाही. फक्त डावा पाय सीटखाली ठेवायचा.

तो चढ आता चढ राहिलेला नाही. तिथं पूल झालाय, रस्ता सपाट केलाय, लाल गाडी तिथून चौथ्या गिअरमध्येच पार झाली. मला पाय हलवावा लागला नाही. मला त्याचाही राग आला.

तांड्यावर पोचलो तेव्हा याडी घरापुढच्या ओट्यावर तूर पाखडत होती. गाडीभोवती शेजारच्या चंदाबाई आणि तिच्या सुना जमल्या, कुणी टपावर हात फिरवला, कुणी म्हणालं, एवढीशी कशी, माणसं बसतात का यात. ओमप्रकाश सुनांना माहिती द्यायला लागला, प्रियंका सरांचा फोन घेऊन लांब गेली. याडी सुपासकट तशीच बसून होती. ती गाडीकडं पाहत नव्हती, काचेतून आत पाहत होती. "दांडी हाय हिला," ती म्हणाली. आम्ही मायलेकी आमच्या बोलीत बोलतो. इथं मराठीत लिहिते आहे.

"हाय," मी म्हटलं. "दुसरी एक हाय, बिनदांडीची. दोन्हीतली कोणती घ्यायची ते ठरवायचं हाय. पण त्याआधी मला तुला एक सांगायचं हाय, याडी."

आणि मी सांगितलं. ओट्याच्या कडेला, उन्हात, हातात तुरीचे दाणे चिवडत. मांडीला मांडी, गुडघ्याला गुडघा. बा दाबायचा तेव्हा मला कसं कळायचं. देवळासमोर ते माझ्या ओठापर्यंत कसं आलं होतं आणि मी कसं गिळलं. तुझ्या हाताची चूक नव्हती. तुला सांगितलंच नव्हतं मी. चौदा वर्षं मी हे वाक्य मनात इतक्यांदा म्हटलं होतं की तोंडातून बाहेर येताना ते मला पाठ केल्यासारखं वाटलं, खोटं वाटलं.

याडीनं सूप खाली ठेवलं. माझ्याकडं तिनं जसं पाहिलं तसं मी कधी कल्पिलं नव्हतं. तिला माझी कीव आली होती.

"येवढं घेऊन बसलीस व्हय तू?" ती म्हणाली. "पोरी, त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं व्हतं. सकाळी, चुलीपुढं. म्हनला, लाजू नको, गुडघा लावून बस, मंग तुला आपोआप कळंल. अकरा दिस तसंच बसले मी. मला कळत व्हतं ना सगळं. तुला कळत व्हतं तसंच."

माझ्या हातातले दाणे खाली पडले. अकरा दिवस. मला वाटलं होतं ते फक्त मला माहीत होतं. माझ्या छातीत जे उसळलं त्याला मी सुटका म्हणायला हवं होतं, पण ती सुटका नव्हती. कुणीतरी माझ्या घरात शिरून सांगावं की हे घर तुझं नाही, तसं झालं. इतकी वर्षं जपलेला माझा अपराध माझा नव्हताच. मग रोज माझ्या मांडीला कोण दाबत होतं?

"मंग त्या दिवशी काय झालं?" मी विचारलं.

"भावसिंग जेठ चढले ना. माझ्या डाव्या अंगाला बसले. मी घाबरले. भाकरीची पिशवी व्हती मांडीवर, ती मी मधी ठिवली. माझ्या अन् त्याच्या मधी. मंग काहीच कळंना मला, तो कवा दाबून राहिला ते." तिचा उजवा हात पदराखाली होता, तो तिथंच हलला. "चूक माझीच व्हती, दिपा. ती मी कवाच कबूल केली. मला त्याचं दुःख न्हाई आता. पण त्यानं पिशवीकडं पाहिलं. एकदा खाली पाहिलं, मंग रस्त्याकडं. थोरल्या भावासमोर मला बोलला काही न्हाई. त्याला वाटलं असंल का गं, ह्या थोट्या हाताच्या मानसाची हिला किळस आली? जेठाची लाज हे त्याला कळलं असंल का?"

"कळलं असंल," मी म्हटलं.

"तुला काय म्हाईत," याडी म्हणाली, आणि ते खरंच होतं.

चंदाबाईच्या सुनांना ओमप्रकाश आता डिकी उघडून दाखवत होता. याडी उठली, पदर खोचला, आणि गाडीच्या पुढच्या दारापाशी गेली. मला वाटलं, बसते. मी पलीकडचं दार उघडायला धावले, पण ती म्हणाली, "तिकडं न्हाई. तिकडं मी बसत नसते. त्याच्या जागी बसू दे मला एकदा. त्या अंगाला मी कवा बसलेच न्हाई." मी तिला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, सीट पुढं ओढून दिली, तरी तिचे पाय जेमतेम पोचत होते. चपला तिनं बाहेर काढल्या. मी वळसा घालून शेजारी बसले. आमच्या दोघींच्या मधे ती हल्लीच्या गाड्यांतली जाडजूड पेटी होती, पाण्याच्या बाटल्या ठेवायची. गुडघ्याला गुडघा लागायचा प्रश्नच नव्हता.

"कोणता दाबायचा त्यो?"

"सगळ्यात डावीकडचा."

तिनं अनवाणी पाय क्लचवर ठेवला आणि दाबला. गाडी बंदच होती. काही झालं नाही.

"आता?"

"आता मी गिअर टाकते. टाकला की तू सोड." मी पहिला टाकला. तिनं सोडला. मी म्हटलं, "दाब," तिनं दाबला, मी दुसरा टाकला. तिसऱ्याच्या वेळी मी दांडीवरचा हात उचलला, कारण मला डोळ्यांतलं पुसायचं होतं. याडी पाय दाबून तशीच बसून राहिली. तिच्या पोटरीची शीर ताठ झाली होती, मला दिसत होती.

"टाक ना," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "किती येळ धरायचा असतो असा?"

"गिअर पडेपर्यंत."

"अन् तू टाकलाच न्हाई तर?"

मला उत्तर माहीत होतं. गाडी चालवणाऱ्या कुणालाही ते माहीत असतं. क्लच दाबलेला असला की इंजिन सुटं होतं, चढावर गाडी मागं जाते. पाय सोडून दिला असता तर जीप आहे त्या गिअरमध्ये हिसका खाऊन बंद पडली असती, पण बहुतेक तिथंच अडकून उभी राहिली असती. वीस वर्षं जीप चालवलेल्या माणसाला हे कुणी शिकवायला नको होतं. मी कधी त्या बाजूनं विचारच केला नव्हता. मी नेहमी माझ्या सीटवरूनच तो चढ पाहिला होता.

"तर धरूनच ठेवायचा," मी म्हटलं.

याडी समोरच्या काचेतून पाहत होती. काचेपलीकडं ओटा होता, सूप होतं, उन्हात पसरलेली तूर होती. "मंग त्यानं सोडला न्हाई," ती हळूच म्हणाली. "गाडी मागं जाया लागली तरी सोडला न्हाई. मी टाकीन म्हनून धरून बसला." तिनं पदराखालचा उजवा हात बाहेर काढला, त्याच्याकडं पाहिलं आणि मांडीवर ठेवला. "किळस आली आसं वाटलं असतं तर कशाला धरला असता त्यानं."

मी मान हलवली. बाहेर प्रियंका काचेवर टकटक करून घड्याळ दाखवत होती, सर विचारून राहिले म्हणत होती. याडीनं तिच्याकडं पाहिलं नाही.

"ही नको घेऊ, दिपा," ती म्हणाली. "ती दुसरी घे. तिच्यात कुनाला कुनाची वाट पाहावी लागत न्हाई."

"बरं," मी म्हटलं. "चल, उतर आता. ऊन लागून राहिलं तुला."

याडीनं पाय काढला नाही.